आठ पावलांवरचं टेबल

पेठकर साहेबांनी काडेपेटीएवढी एक डबी माझ्या हातावर ठेवली. "शालनताई, ही कमरेला अडकवा. तुम्ही पाऊल टाकलंत की आतला आकडा एकाने वाढतो. संध्याकाळी मला परत द्या."

"म्हणजे मी किती कामचुकार आहे ते बघणार व्हय?"

"नाही हो. कारखाना किती कामचुकार आहे ते बघणार."

पुण्याहून आलेला, शर्टाच्या खिशात चार रंगांची पेनं लावलेला हा माणूस. आधी मला त्याचा भरवसा नव्हता. पण उत्तर आवडलं. मी डबी निऱ्यांपाशी अडकवली आणि कामाला लागले.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. जयसिंगपूरजवळच्या एका छोट्या औद्योगिक वसाहतीत आण्णा शेट्यांचा कारखाना होता. शेतात औषध मारायचे पाठीवरचे पंप आम्ही तिथे जोडायचो. आम्ही म्हणजे अकरा बायका आणि जड उचलायला मारुती. आण्णांचं वय झालेलं, त्यामुळे कारभार त्यांचा मुलगा अवधूत बघायचा. त्याला आम्ही मालक म्हणायचो. आण्णा नुसते येऊन केबिनमध्ये काचेपाशी बसायचे.

हंगाम तोंडावर आला होता. रोज दीडशे पंप हवे होते आणि निघत होते एकशे दहा. मालकांनी दाराशी कागद चिकटवला: एक तारखेपासून काम सकाळी नऊ ते रात्री आठ. ज्यांना जमणार नाही त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं भरणार. आमची कुरुंदवाडच्या पलीकडं जाणारी शेवटची एसटी पावणेसहाला होती. आठनंतर आम्ही घरी काय उडत जाणार होतो? तो कागद म्हणजे अकराही जणींना घरी बसवायचा कागद होता, फक्त तसं त्यावर लिहिलं नव्हतं. माझा नवरा तोवर घर सोडून गेलेला. घरात सासू आणि दोन मुली. माझं हे काम गेलं असतं तर चूल कशावर पेटवायची, हे मला कुठल्याही पुण्याच्या साहेबानं शिकवायची गरज नव्हती.

पेठकर साहेब आले ते कुठल्याशा सरकारी योजनेतून. छोट्या कारखान्यांनी वाया जाणारं कमी करावं, अशी ती योजना. आम्हाला वाटलं, वाया म्हणजे तुटका वायसर, सांडलेलं ग्रीस. साहेब म्हणाले, तेही, पण नुसतं तेच नाही. वाट बघत बसणं वाया, केलेलं पुन्हा उसवणं वाया, गरज नसताना ढीग लावून ठेवणं वाया, आणि उगाच चालणं तर सगळ्यात वाया. "शेतकरी पंपाचे पैसे देतो, तुमच्या पायपिटीचे देत नाही," ते म्हणाले. हौसाक्का माझ्या कानात पुटपुटली, "पायपिटीचं तर आमाला बी कोण देत न्हाई."

संध्याकाळी डबी दिली. साहेबांनी आकडा मोठ्यानं वाचला. चौदा हजार तीनशे.

"अगं बया," रेहाना म्हणाली. ती तयार पंपात पाणी भरून गळती तपासायची. "एवढ्यात तू चालत शिरोळला पोचली असतीस, आणि वर बाजार करून आली असतीस."

साहेब हसले नाहीत. साठ फुटांच्या शेडमध्ये एक बाई दिवसाला नऊ किलोमीटर चालते, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. दुसऱ्या दिवशी ते मोठा कागद घेऊन कोपऱ्यात बसले आणि आम्ही जिथून जिथे जाऊ तिथून तिथे रेघ ओढत राहिले. दुपारपर्यंत कागद कोंबड्यांनी उकरल्यासारखा झाला. मग त्यांनी मला बोलावलं.

"ताई, हे तुमचं व्हॉल्व्हचं टेबल. हे हौसाक्कांचं टाकी जोडायचं टेबल. मध्ये किती अंतर?"

"आठ पावलं."

"मग तुम्ही चाळीस पावलं का चालता?"

काय सांगणार?

शेडच्या बरोबर मध्यावर आण्णांचं पहिलं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, होतं. याच लेथवर त्यांनी पितळेचे नोझल कातून धंदा उभा केला. आता ते बंदच असायचं, पण रोज सकाळी आण्णा त्याला उदबत्ती ओवाळायचे, खंडेनवमीला तर त्याला नारळ, झेंडू, नवं कापड. आणि कारखान्याचा नियम असा की लेथ कायम उजव्या हाताला ठेवून चालायचं. देवळात प्रदक्षिणा घालतो तसं. माझ्या टेबलापाशी लेथकडं तोंड करून उभं राहिलं की हौसाक्काचं टेबल उजवीकडं, हाताशी. पण तसं गेलं तर फेरी उलटी होते. म्हणून मी व्हॉल्व्हचा ट्रे उचलून डावीकडनं निघायची, केबिनपुढून वळायची, पूर्ण वळसा मारून टाकीच्या टेबलावर पोचायची. परत येताना मात्र आठ पावलं. प्रत्येकीचं असं एखादं टेबल होतं, जे जवळ असून लांब होतं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. नवीन बाई आली की पहिल्याच दिवशी हौसाक्का तिला दंडाला धरून सांगायची, "ह्या अंगानं जायचं न्हाई. मारुतीचं बोट बघितलंस का?" मारुतीचं अर्धं बोट प्रेस मशीनखाली गेलं होतं. तो त्या दिवशी उलटा गेला होता म्हणे. मारुतीला विचारलं तर तो म्हणायचा, त्या दिवशी त्याला झोप आली होती. पण त्याचं कोण ऐकतंय.

"सवय आहे साहेब," मी एवढंच म्हणाले.

त्यांनी बाकीच्यांना विचारलं. मंगल म्हणाली तिकडं ऊन येतं. रेहाना म्हणाली तिकडं फरशी निसरडी आहे. एकीनंही खरं सांगितलं नाही. परक्या माणसापुढं आपल्या देवाची गोष्ट कशी काढायची, हा एक भाग. आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते सांगायची लाज वाटत होती, हा दुसरा.

शेवटी साहेबांनी मालकांनाच गाठलं. "हे लेथ हलवू या. निम्मी पायपीट संपेल."

मालक एकदम ताठ झाले. "ते सोडून काहीही बोला."

मग साहेबांनी ते सोडून सगळं केलं. पाने-पक्कड शोधण्यात वेळ जायचा, तर भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराची जागा रंगवली. तीन वर्षं पडून असलेल्या फुटक्या टाक्या भंगारात गेल्या. वायसर हाताशी आले. माणूस मनापासून राबत होता, नाही म्हणणार नाही. एकशे दहाचे एकशे चोवीस झाले. आणि तिथेच अडले. एक तारखेला चार दिवस उरले होते.

त्या रविवारी मी घरी भाकऱ्या थापत होते आणि मनात सारखा हिशेब चालला होता. एकेका फेरीला बत्तीस पावलं जास्त. दिवसाला किती फेऱ्या, महिन्याला किती. आणि या सगळ्याच्या शेवटी दाराशी चिकटवलेला तो कागद. देवाचं म्हणून आम्ही चालत होतो आणि चालता चालता घरी बसणार होतो. मला एकदम राग आला. देवाचा नव्हे. माझा स्वतःचा.

सोमवारी साडेनऊला पहिला ट्रे भरला. मी उठले, आणि उजवीकडं वळले.

एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला लेथ माझ्या डाव्या हाताला आलं. आठव्या पावलाला मी हौसाक्काच्या टेबलावर ट्रे ठेवला.

तिनं आधी ट्रेकडं बघितलं, मग मी आले त्या बाजूला बघितलं. हातातला पाना खाली पडला.

"शालन! काय केलंस हे?"

"व्हॉल्व्ह आणलं, आक्का."

"उलटी आलीस तू!"

तिच्या ओरडण्यानं सगळ्यांचे हात थांबले. मालक केबिनमधून धावत आले. आण्णा तेवढे नव्हते, डोळे दाखवायला सांगलीला गेले होते. नाहीतर मला धीर झाला असता की नाही, देव जाणे.

"शालन, माघारी जा," मालक म्हणाले. "आणि नीट फिरून ये."

"आले की आता. पुन्हा कशाला येऊ?"

"कारखान्याचा नियम ठाऊक नाही तुला?"

"हाय ठाऊक. रात्री आठचा बी नियम ठाऊक हाय. दोन्ही नियम मी कसे पाळू, ते सांगा मालक. तुम्हाला दीडशे पंप पाहिजेत. आज एक दिवस मला ह्या वाटेनं जाऊ द्या. संध्याकाळी मोजा. आणि मला काही झालं तर माझं मला होईल, तुमचं काय जातंय?"

"उद्यापासून येऊ नकोस तू."

"उद्याचं उद्या बघू. आज साडेपाचपर्यंत माझी पाळी हाय." आणि मी टेबलाशी बसून दुसरा ट्रे भरायला घेतला.

दुसरा ट्रेही मी त्याच वाटेनं नेला. तिसराही. हौसाक्का माझ्याकडं बघेना. ट्रे घ्यायची, पण पदरानं हात पुसून घ्यायची. दहाच्या सुमाराला मागून चपलांचा आवाज आला. बघते तर रेहाना. गळका पंप काखोटीला मारून उलट्या वाटेनं येत होती.

"तुमचा देव माझ्यावर कशाला रागवंल?" ती म्हणाली. "मला तर तो ओळखतच न्हाई. नऊ वर्षं उगीच फिरवलंसा मला."

हसू फुटलं, आणि हसू फुटलं की भीती पातळ होते. मग मंगल आली. मग तिच्या शेजारची. पेठकर साहेब कोपऱ्यात कागद घेऊन उभे होते. त्यांना आता कुठं उमगलं होतं की आपल्या त्या सगळ्या रेघा एकाच दिशेनं का वळत होत्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या टेबलावरचे रिकामे ट्रे स्वतः उचलायला लागले. एकटी हौसाक्का तेवढी दिवसभर नियमानं चालली. चोवीस वर्षांची सवय, आणि गुडघे गेलेले. मांडीवर हात टेकत टेकत ती वळसा घालायची आणि आम्ही तिच्या समोरून आठ पावलांत जायचो. मला ते बघवत नव्हतं.

पाचला आण्णांची गाडी आली. कुणीतरी वाटेतच त्यांच्या कानावर घातलं असणार. काठी टेकत ते सरळ लेथपाशी येऊन थांबले. डोळ्यांत औषध घातल्यानं पाणी येत होतं, त्यामुळे रागावलेत की रडतायत कळेना.

"कोण उलटं गेलं?"

मी उठले. "मी, आण्णा."

"का?"

"पंप कमी पडत होते म्हणून."

"आज किती झाले?"

मालकांनी मोजले. मोजताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. एकशे एक्केचाळीस. आणि अजून अर्धा तास बाकी होता.

आण्णा एकदम खदाखदा हसायला लागले. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"अरे, जाऊ दे की त्यांना उलटं," ते मालकांना म्हणाले. मग पेठकरांकडं वळले. "साहेब, तुम्ही शिकलेले. वाया जाणारं कमी करायचं म्हणताय ना? मी तर ते पंचवीस वर्षांपूर्वीच केलंय. तेव्हा पितळ महाग. कातलेलं नोझल डब्यात घालून पळवायचे लोक. राखणीला माणूस ठेवायची ऐपत नव्हती माझी. मग केबिनला ही काच बसवली, आणि सांगून टाकलं, लेथ देव आहे, उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं. म्हणजे कुणी कुठंही जाऊन आलं तरी एकदा माझ्या काचेपुढून जाणारच. मालकाची भीती आठ दिवस टिकते हो, देवाची जन्मभर. एका माणसाचा पगार वाचवला मी. बसतं का तुमच्या शास्त्रात?"

त्यांना खरंच वाटत होतं की आम्ही त्यांचं कौतुक करू. मालकांचा चेहरा पांढराफटक. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. लहानपणापासून तेही लेथला नमस्कार करून वळसा घालत आले होते.

मला वाटलं मी काहीतरी बोलेन. शब्द तोंडाशी आलेही होते. पण माझ्याआधी हौसाक्का उठली. गुडघ्यावर जोर देऊन, सावकाश.

"आण्णा, चोवीस वर्सं मी तुमच्या काचेम्होरनं गेले."

"होय की, हौसा. सगळ्यात जुनी तू."

"त्या चोवीस वर्सांत माझ्या डब्यातनं किती पितळ गेलं?"

आण्णांचं हसू ओसरलं. "एक तुकडा नाही."

"कधी कळलं तुमाला, मी चोर न्हाई म्हणून?"

"पहिल्याच वर्षी कळलं."

"मग मला तरी सांगायचं हुतंसा," हौसाक्का म्हणाली. "माझ्या गुडघ्याला तरी सांगायचं हुतंसा."

रेहानाच्या टेबलावरच्या पंपातून पाणी ठिबकत होतं. आण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि ते गाडीकडं गेले.

साडेपाचला एकशे शेहेचाळीस भरले. मालक दाराशी गेले, पण कागदाला हात लावायला धजेनात. "दीडशे झाले तर हा काढतो," एवढंच म्हणाले. माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, "शालन, उद्या ये."

"दीडशे पाहिजेत न्हवं?" हौसाक्कानं पिशवी खांद्याला लावली. "मग उद्या सकाळी लेथ हलवायचं."

"आण्णांना विचारावं लागेल, आक्का."

"मी इचारणार न्हाई. तुमाला इचारायचं असलं तर इचारा."

मालकांनी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. मंगळवारी आम्ही सातच्या एसटीनं आलो तेव्हा कुलूप उघडं होतं आणि मालक स्वतः बाह्या दुमडून लेथच्या पायाचे गंजलेले बोल्ट सोडवत होते. पेठकर साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. मारुतीनं पहार घातली, खाली पाइपाचे तुकडे सरकवले आणि आम्ही अकरा जणी ढकलायला लागलो. ते काही हलकं नव्हतं. इंच इंच सरकत होतं आणि खाली फरशीवर पंचवीस वर्षांचा ग्रीसचा काळा चौकोन उघडा पडत होता.

"कुठं ठेवायचं?" मारुतीनं विचारलं. "मागच्या भिंतीला?"

"न्हाई," हौसाक्का म्हणाली. "तिथं."

तिनं केबिनच्या काचेकडं बोट दाखवलं. लेथ काचेला भिडवून उभं केलं. वर जागा मोकळी दिसली, तिथं रेहानानं रिकाम्या टाक्या रचल्या, छतापर्यंत. कुठंतरी ठेवायच्याच होत्या त्या.

त्या दिवशी एकशे चोपन्न पंप निघाले, मालकांनी दाराचा कागद फाडला आणि आम्ही सगळ्या पावणेसहाच्या एसटीत होतो, हे आत्ताच सांगून टाकते. कारण मला सांगायचं आहे ते सकाळी दहाचं.

दहाला आण्णा नेहमीसारखे आले. हातात उदबत्ती होती. शेडच्या मध्यावर येऊन ते थांबले. तिथं काहीच नव्हतं. आम्ही सगळ्या चारी बाजूंनी, जिला जशी जवळ पडेल तशी, जात-येत होतो. कुणी त्यांच्या उजवीकडून गेलं, कुणी डावीकडून. मग आण्णा लेथ शोधत केबिनपाशी गेले, त्याच्या पाठीला उदबत्ती ओवाळली आणि आत जाऊन खुर्चीत बसले. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"हौसा!"

"काय, आण्णा?"

"मला हितनं काहीच दिसेना गं."

हौसाक्कानं माझ्या हातातला ट्रे घेतला, व्हॉल्व्ह मोजून टेबलावर लावले आणि मग वळूनही न बघता म्हणाली,

"आमाला बी चोवीस वर्सं दिसलं न्हाई, आण्णा. सवय हुती."

आणि तिनं पुढची टाकी जोडायला घेतली.